अंतरपाटाची चाचणी

“सोडा!” मी ओरडले आणि आईनं नि मधल्या हेमाताईनं चादर सोडली.

चादरीपलीकडं माझा नवरा उभा होता. म्हणजे आमचं पाण्याचं पिंप, त्यावर पालथं घमेलं आणि घमेल्यावर अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, टोपी. मी जमेल तेवढी लाजले. हेमाताईनं ओच्यात धरलेले तांदूळ माझ्यावर उधळले. पिंपामागं स्टुलावर चढून मोहनदाजी, म्हणजे आमच्या थोरल्या वर्षाताईचे यजमान, कॅमेरा धरून उभे होते.

“आलं का?” मी विचारलं.

“आलं म्हणजे काय! फर्स्टक्लास आलंय. उगाच काळजी करतीस,” दाजी म्हणाले.

सगळे परसातून आत गेलो. टीव्हीला वायर जोडली आणि बघायला बसलो. चादरीवरची निळी फुलं इतकी स्वच्छ दिसत होती की तिचा उसवलेला काठसुद्धा कळत होता. मग चादर खाली गेली. तिच्यामागं मी होते खरी, पण मी म्हणजे नुसता पिवळा डाग. कॅमेरा अजून चादरच शोधत होता. तेवढ्यात त्याला उडते तांदूळ दिसले आणि तो त्यांच्या मागं लागला. एकेक दाणा वेचून घ्यावा असा दिसला. शेवटी एकदाची मी स्पष्ट झाले, तेव्हा मी केसातले तांदूळ झटकत तोंड वाकडं करत होते.

“अगं बाई, प्रसन्नराव पळून जातील हे तोंड बघून,” हेमाताई म्हणाली.

“ते जाऊ दे. त्याच्या आधीचं तोंड कुठंय माझं?”

“असेल की. जरा मागं घे,” दाजी म्हणाले.

मागं घेतलं, पुढं घेतलं. नव्हतंच.  आईनं चादर उचलली, झटकली आणि पुन्हा परसात घेऊन गेली.

हे सगळं चाललं होतं आईसाठी. आमच्यात मुलीच्या आईनं अक्षता पडताना बघायचं नसतं. मंगलाष्टका सुरू झाल्या की तिनं मागं जायचं आणि तुळशीला पाणी घालत बसायचं. आईची माया आडवी येते, मुलीचा पाय निघत नाही, असं आमची आत्या सांगायची. आईनं दोन पोरी अशाच दिल्या होत्या, हातात तांब्या घेऊन. लग्न लागल्याचं तिला कळलं ते ताशे वाजले म्हणून.

बरं, कॅसेट तरी नीट निघाव्यात ना! वर्षाताईच्या वेळी ऐन मोक्याला सगळं कार्यालय उठून उभं राहिलं आणि पडद्यावर नुसती डोकी आली. त्यातलं एक टक्कल अजून आमच्या लक्षात आहे. हेमाताईच्या वेळी स्टुडिओवाल्यानं जास्तच कला दाखवली. अंतरपाट सरकला आणि पडद्यावर मोठा लाल बदाम उघडला, त्यात दोन हंस पोहत आले. ते हंस पोहून जाईपर्यंत हार घालून झाले होते. आईनं ती कॅसेट तीनदा बघितली. “छान काढलीय. पण हिचं तोंड कुठंय गं?” एवढंच म्हणाली. मला त्या दिवशी हंसांची मान मुरगळावीशी वाटली होती.

म्हणून माझ्या लग्नात तो बदामवाला नको, असं मी ठरवलं होतं. मी तेव्हा कराडात एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कामाला होते. कॅमेऱ्याचं काउंटर माझ्याकडं. नवे एचडी कॅमेरे नुकते आले होते, तळहातावर मावणारे, कॅसेट नाही, नुसतं कार्ड. गिऱ्हाईक यायचं, चार आकडे विचारायचं आणि निघून जायचं. मी मात्र प्रत्येक कॅमेरा उलटा-पालटा करून बघितला होता. त्यातला एक मला आवडला, आणि शेठनी तो डेमोचा कॅमेरा लग्नासाठी घरी न्यायला दिला. “पण सुचेता, आल्यावर खरं काय ते सांगायचं. कंपनीच्या कागदावर असतं ते मला पाठ आहे,” ते म्हणाले.

खरं सांगायचं तर कॅमेरा गुणी होता. चित्र एवढं साफ की कपाळावरचं कुंकू ओलं आहे की कोरडं ते कळावं. हात थरथरला तरी तो सांभाळून घ्यायचा. रंगही खरे, बदामवाल्यासारखे भडक नाहीत. खोडीही होत्या. उजेड कमी झाला की चित्रावर रवा भुरभुरल्यासारखा दिसायचा, पण कार्यालयात ट्यूबलाइट भरपूर होत्या. बॅटरीला दम नव्हता, तर मी दुसरी घेऊन ठेवली. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे त्याचा आकार. खांद्यावरचा मोठा कॅमेरा आणि त्याचा दिवा आला की माणसं आपोआप बाजूला होतात. हा एवढासा डबा बघून कोण वाट देतंय? तीन पायांचा स्टँड ठेवावा, तर स्टेजवर भटजी, दोन्हीकडचे मामा, करवल्या, कलश. तिथं माणसाच्या दोन पायांना जागा मिळत नाही. म्हणून ठरलं की नवऱ्यामागं खुर्ची ठेवायची आणि तिच्यावर दाजींनी उभं राहायचं.

आणि आता ही फोकसची भानगड निघाली. दुकानात कधी दिसली नव्हती. दुकानात कोण अंतरपाट धरतंय!

“आपण असं करू,” मी परसात येऊन म्हणाले. “चादर माझ्या डोक्याच्या वर असते, पण माझ्यामागं मामा उभा असणार. मामाचा फेटा चादरीच्या वर दिसेल. दाजी, तुम्ही पडद्यावर त्या फेट्याला बोट लावायचं. मग कॅमेरा तेवढ्या लांबवरचंच बघतो. मध्ये चादर आली काय, तांदूळ आले काय, ढुंकून बघत नाही. मी मामाच्या पुढ्यातच असणार.”

“आणि मामा कुठून आणायचा आत्ता?” हेमाताईनं विचारलं.

उभ्या बांबूला टॉवेल गुंडाळला आणि मामा तयार झाला. ओसरीवर आत्या पाट घेऊन बसली होती, गहू निवडत. लग्नासाठी आठ दिवस आधीच येऊन तिनं घराचा ताबा घेतला होता. “काय पोरखेळ लावलायसा,” ती म्हणाली, पण पाट फिरवून तोंड परसाकडं करून बसली.

“दाजी, फेट्याला बोट लावलं?”

“लावलं.”

“हेमाताई, तू मंगलाष्टक म्हण. शेवटचं.”

हेमाताईनं घसा साफ केला आणि भटजींच्या नाकातल्या आवाजात ‘शुभमंगल सावधान’ असं लांबवून म्हटलं. चादर सुटली, तांदूळ उडाले. मी आत पळाले. टीव्हीवर टॉवेल एकदम छान, चादर पुसट, चादर खाली आली, मी दिसणार, आणि चित्र गर्रकन फिरून आमच्या पत्र्यावर गेलं. तिथं एक कावळा बसला होता, तो स्पष्ट आला.

“दाजी!”

दाजी आपल्या उजव्या हाताकडं बघत होते. “अगं, सावधान ऐकलं आणि हात आपोआप उठला. मुठीत तांदूळ नव्हते तरी उठला!”

पुन्हा केलं, पुन्हा उठला. मी म्हणाले दुसरा हात धरा, दोन्ही हातांनी कॅमेरा धरा. दोन्ही हातांनी धरला तर दोन्ही हात उठले. मग हेमाताई चढली स्टुलावर आणि दाजी भटजी झाले. हेमाताईचाही हात गेला. अण्णा बाहेरून आले, त्यांना चढवलं. अण्णा तर शिक्षक माणूस, शिस्तीचे. त्यांनी डाव्या हातानं कॅमेरा नीट धरून ठेवला आणि उजव्यानं अक्षता टाकायच्या नादात तोल जाऊन पिंपाला मिठी मारली.

“नवरदेवाला सासऱ्यांचा आशीर्वाद,” हेमाताई म्हणाली. सगळे पोट धरून हसले. मी मात्र रडायच्या बेतात आले होते. जन्मभर ज्यांनी सावधान ऐकून तांदूळ टाकले, त्यांचे हात कुठून थांबणार! नवरामुलगा सोडला तर कार्यालयात एकही हात मोकळा नसतो.

आणि मग माझं लक्ष आईकडं गेलं. ती चादरीचं टोक धरून शांत उभी होती. दोन पोरींच्या वेळी हातात तांब्या धरूनच सावधान ऐकल्यामुळं जिचा हात आता जागचा हलत नाही, अशी या घरात ती एकच होती.

“आई, तू धर बघू एकदा.”

“मी? मला कुठलं येतंय.”

“नुसतं धरायचं. फेट्याला बोट लाव आणि हलू नकोस. बास.”

ती पदर खोचून स्टुलावर चढली. कॅमेऱ्याचा छोटा पडदा तिनं अंगाजवळ धरला, दुधाचं भांडं धरतात तसा. अण्णांनी चादरीचं टोक घेतलं. दाजींनी सावधान म्हटलं. चादर सुटली, तांदूळ उडाले, सगळ्यांचे हात वर गेले. आईचे हात तिथंच होते.

टीव्हीवर चादर खाली आली आणि मी होते. पापण्यांपर्यंत स्वच्छ. तांदूळ पुसट होऊन माझ्यापुढून पडत होते आणि मी पिंपाकडं बघत होते. आता सांगायला लाज वाटते, पण त्या घमेल्याकडं बघताना माझ्या डोळ्यांत खरंच काहीतरी आलं होतं. 

“परत लाव,” आत्या म्हणाली. ती कधी आत येऊन दाराशी उभी राहिली होती, कळलंच नव्हतं.

मी परत लावलं. आत्यानं ते उभ्यानं बघितलं.

“ठरलं तर. आईच धरणार कॅमेरा,” मी म्हणाले.

“काय ठरलं?” आत्याचा आवाज चढला. “शालन, आईनं अक्षता बघायच्या नसत्यात. तुला सांगायला पायजे का आता?”

“नाही वन्सं, मी कुठं म्हटलं?” आईनं लगेच कॅमेरा माझ्या हातात दिला. “मी आपलं सुचीला दाखवायला धरला.”

“अगं पण आई, हे सगळं कुणासाठी चाललंय मग? मी काय कावळ्याचं शूटिंग करायला आणलाय हा?”

“ओरडू नकोस आत्याला.”

“मी तुझ्यावर ओरडतेय!”

“तेच ते. हे बघ, दाजी करतील नीट. मी नंतर टीव्हीवर बघेन की, सावकाश. आणि माझ्यामुळं तुला उद्या काही झालं तर?” तिनं माझ्या केसातला एक तांदूळ काढला. “नको गं. मला भीती वाटते.”

ती अशी सरळ भीती वाटते म्हणाल्यावर मी कॅमेरा पिशवीत ठेवून दिला. आत्या पुन्हा ओसरीवर जाऊन बसली. थोड्या वेळानं गव्हातला खडा बाहेर टाकत, कुणाकडं न बघता म्हणाली, “माझ्या कुसुमच्या लग्नात तर एक फोटोबी न्हाई. फोटोवाला जेवायला बसला हुता.” मग परत गहू निवडायला लागली.

दाजींनी पुढचे दोन दिवस हात बांधून घेऊन सराव केला. हेमाताई स्वयंपाकघरातून मध्येच ‘सावधान’ म्हणून ओरडायची, आणि दाजींचा हात कणकेच्या गोळ्यासकट वर जायचा.

लग्नाच्या दिवशी मुहूर्त दुपारचा होता. मामानं मला स्टेजवर आणलं. पुढं अंतरपाट, पांढरा, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक. माझ्या डोक्याच्या चांगला हातभर वर होता. पलीकडं प्रसन्न आहे, त्याच्यामागं खुर्चीवर दाजी आहेत, एवढं मला माहीत होतं, दिसत काहीच नव्हतं. मामाचा फेटा मी स्वतः सकाळी तपासला होता. गुलाबी, उंच तुऱ्याचा. कुणालाही सापडावा असा.

आई माझ्याजवळ आली, माझी मुंडावळ सारखी केली. “बरं, येते मग,” म्हणाली, जसं काही दळण आणायला निघाली होती. हातात तांब्या घेऊन ती स्टेजमागच्या दारानं गेली.  समोर कापड आणि पाठीमागं ते दार.

मंगलाष्टका सुरू झाल्या. पहिलं कडवं संपलं, सावधान झालं, तांदूळ पडले. अंतरपाटाच्या वरून दाजींची तुऱ्याची टोपी तेवढी दिसत होती, तीही गदगदा हलली. गेला हात, मी ओळखलं. दुसऱ्या कडव्याला टोपी पुन्हा हलली आणि वरून एक मूठ तांदूळ थेट माझ्या डोक्यात पडले. या माणसानं खिसाभर अक्षता आणल्या होत्या! लग्नात नवरीला ओरडता येत नाही, नाहीतर मी त्या दिवशी भटजींच्या वर आवाज काढला असता.

शेवटचं कडवं यायच्या आधी पलीकडं काहीतरी खळबळ झाली.

“जावई, खाली उतरा,” आत्याचा आवाज होता.

“अहो आत्या, आता ऐन वेळेला...”

“उतरा म्हंटलं न्हवं! तुमचा हात ऱ्हात न्हाई.”

खुर्ची करकरली. दाजींची टोपी खाली गेली. वर कुणी चढलं की नाही ते मला दिसेना. आत्यानं हेमाताईला चढवलं असणार, म्हणजे पुन्हा कावळाच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मामाला वाटलं माहेर सुटतंय म्हणून रडतेय, त्यानं खांद्यावर थोपटलं. मी मनात म्हणत होते, आई तिकडं कुंडीत पाणी ओततेय आणि इकडं तिच्या तिसऱ्या पोरीचंही तोंड गेलं.

भटजींनी शेवटचं सावधान म्हटलं. ताशे कडाडले. अंतरपाट सरकला.

समोर प्रसन्न होता, घामेजलेला, हसणारा. आणि त्याच्या खांद्याच्या वर, खुर्चीवर, आई होती.

तिनं कॅमेरा अंगाजवळ धरला होता आणि मान खाली घालून त्या छोट्या पडद्यात बघत होती. खाली आत्या होती. तिनं खुर्ची दोन्ही हातांनी धरून ठेवली होती आणि स्वतः स्टेजकडं पाठ करून लोकांकडं तोंड केलं होतं. सगळ्या कार्यालयाचे हात वर गेले. आईचे हात वर गेले नाहीत. तिनं फक्त हळूच मान वर केली. पडद्यातून नजर काढली आणि सरळ माझ्याकडं बघितलं.

किती वेळ ते मला सांगता येणार नाही. प्रसन्न हार घेऊन ताटकळला होता, एवढं आठवतंय. मग आई हसली. मीही हसले, आणि प्रसन्नला वाटलं मी त्याच्याकडं बघून हसतेय.

जेवणाच्या पंगतीत दाजी आग्रह करायच्या निमित्तानं माझ्या पानाशी वाकले. “मला काही बोलू नकोस हां. तुझी आत्या स्वतः तुळशीजवळ गेली आणि आईंचा हात धरून घेऊन आली. खुर्चीवर चढवताना काय म्हणाली माहितीय? ‘शालन, आईनं लग्न बघायचं नसतंय, हे खरं. पण डब्यात बघू नये असं कुणी सांगितलंय? तू डब्यात बघ. वर बघू नगंस.’”

मी मांडव परतायला माहेरी आले, तेव्हा सगळे टीव्हीपुढं जमले. मी स्वतः वायर जोडली. प्रसन्नला मधली जागा दिली. आत्या खुर्चीवर, आई खाली वाटाणे सोलत.

चित्र सुरेख होतं. मामाचा गुलाबी फेटा, त्याचा तुरा, पुढं पुसट अंतरपाट. ताशे वाजले, कापड सरकलं. माझं कपाळ दिसलं, मुंडावळ दिसली, आणि चित्र हळूहळू खाली उतरायला लागलं. प्रसन्नची पाठ आली, मग स्टेजवरची सतरंजी. सतरंजीवर कुणाची तरी एकच चप्पल पडली होती आणि तिच्यावर अक्षता पडत होत्या. हार घालून झाले तरी चप्पलच होती.

“अरेरेरे,” दाजी म्हणाले. “आई, ऐन वेळेला कॅमेरा खाली गेला की हो तुमचा!”

“जाऊ दे हो,” आई म्हणाली. “बघितलंय की मी.”

हेमाताई हसायची थांबली.  सगळ्यांनी आत्याकडं बघितलं. आत्या टीव्हीवरच्या त्या चपलेकडं बघत होती.

“डब्यातच ना, शालन?” तिनं विचारलं.

आईनं वाटाण्याची शेंग मोडली. “हो वन्सं. डब्यातच.”

चपलेवर अजून तांदूळ पडत होते. आत्या उठली, टीव्हीजवळ गेली, आणि तिनं स्वतःच्या हातानं बटण दाबून तो बंद केला.

“चांगलं आलंय शूटिंग,” ती म्हणाली. “चला, पानं घ्या आता. जावई उपाशी बसल्यात.”